सातव्या मजल्यावरचं शून्य

लिफ्ट बंद करायला मला बोलावलं, त्या दिवशी अध्यक्षांच्या गळ्यात शिट्टी होती.

मी लिफ्टचा मिस्त्री. बावीस वर्षं हेच काम करतोय. लोक मला बोलावतात ते बंद पडलेली लिफ्ट चालू करायला. धडधाकट लिफ्ट बंद करा म्हणणारा हा पहिलाच भेटला. सात मजल्यांची इमारत, मजल्यावर चार घरं, आणि चार माणसांची एक जुनी पण गुणी लिफ्ट. सोसायटीचे अध्यक्ष पाचव्या मजल्यावर राहायचे. वय त्रेसष्ट. बिस्किटांच्या कंपनीत, विक्री खात्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. जन्मभर पोराटोरांच्या तोंडात साखर आणि मैदा कोंबला, आणि साथ आली तशी त्यांना उपरती झाली की साखर म्हणजे विष आहे. उशिरा शहाणी झालेली माणसं फार वाईट. स्वतःचा शहाणपणा दुसऱ्याच्या घशात उतरवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही.

साथ सुरू होऊन महिना झाला होता. रस्ते ओस, दुकानांची शटरं अर्धी खाली, जो तो तोंड बांधून फिरत होता.

"मिस्त्री, लिफ्ट म्हणजे काय?" अध्यक्षांनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "बंद डबा! एक खोकला की पुढचे दहा आडवे."

"ते खरंय साहेब," मी म्हटलं. "मग एका वेळी एकच माणूस सोडा. पंखा चालू ठेवा, बटणं पुसायला वॉचमनला सांगा. बाकीच्या इमारतींत तसंच चाललंय."

"आणि दुसरं म्हणजे लिफ्टनं माणूस ऐदी होतो. जिना चढला की फुप्फुसं उघडतात, रक्त सळसळतं, इम्युनिटी वाढते. इम्युनिटी दुकानात मिळत नाही मिस्त्री, कमवावी लागते."

"पण वरची म्हातारी माणसं?"

"त्यांनाच तर जास्त गरज आहे!"

पुढे बोलायला त्यांनी जागा ठेवली नाही, आणि खरं सांगायचं तर मीही शोधली नाही. माझ्याकडच्या नऊ इमारतींपैकी तीन त्या महिन्यात सुटल्या होत्या. ही चौथी नको, एवढंच डोक्यात होतं. प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दाराशेजारी चावीचा स्विच असतो, त्यातला तळमजल्यावरचा मी फिरवला. दारावरचा आकडा विझला. एक चावी माझ्याकडे ठेवली आणि एक अध्यक्षांना दिली. कोणाला तातडीनं दवाखान्यात न्यायची वेळ आली तर असावी म्हणून. लिफ्ट नुसती उभी राहिली तर बिघडते, तेव्हा दर पंधरा दिवसांनी येऊन वरखाली फिरवून बघेन, असंही सांगितलं.

"अवश्य या," अध्यक्ष म्हणाले. "आणि वर मशीन रूमपर्यंत जिन्यानंच जा. तुम्हालाही फायदा."

पंधरा दिवसांनी गेलो तर इमारतीत आरोग्याचं नुसतं पीक आलेलं. तळमजल्यावर भला मोठा तक्ता लावला होता. अठ्ठावीस घरांची नावं, प्रत्येकापुढे चढलेले मजले, शंभर मजल्यांना एक सोनेरी तारा. सकाळी सातला सगळ्यांनी खाली जमायचं, अध्यक्ष शिट्टी मारणार, मंडळी जिना चढायला लागणार. शिवाय जागोजागी सूचना चिकटवलेल्या: दिवसाला अडीच लिटर पाणी, रात्री दहाला दिवे बंद, जेवताना बत्तीस वेळा चावणे. दुपारी दोन ते चार विश्रांतीची वेळ, दारं लावून घ्यायची, पॅसेजमध्ये आवाज नको, कारण झोपेत इम्युनिटी वाढते. अध्यक्ष स्वतः तक्त्यात पहिले. पाचशे साठ मजले, पाच तारे. पहाटे सगळ्यांच्या आधी खाली हजर आणि मग दुपारी दोनपर्यंत सोसायटीच्या ऑफिसात ठाण मांडून. "काय हा माणूस झिजतो!" असं वॉचमन मला म्हणाला. तो बिचारा तोंड वाकडं न करता बोलला, म्हणजे त्याला खरंच तसं वाटत असावं.

तक्त्याच्या तळाशी सातव्या मजल्यावरच्या मावशींचं घर होतं. त्यांच्यापुढे लाल शाईत शून्य.

या मावशी माझ्या कोणी नात्यातल्या नव्हेत. सगळी इमारत त्यांना मावशी म्हणायची, म्हणून मीही. वय बहात्तर, एकट्या राहायच्या, कपडे दुरुस्त करून द्यायच्या. तरुणपणी फुप्फुसांचा मोठा आजार झालेला. त्यातून वाचल्या, पण एक बाजू जवळजवळ निकामी झाली. सपाट जमिनीवर चालताना ठीक असायच्या, चढ आला की दम उखडायचा. मशीन रूम त्यांच्या डोक्यावरच होती. दर वेळी वर पोहोचलो की मी धापा टाकत त्यांच्या दाराशी टेकायचो आणि त्या आतून पाण्याचा तांब्या सरकवायच्या.

"खाली उतरला नाहीत का मावशी?" मी विचारलं.

"उतरेन रे. उतरायला काय, दगडही उतरतो. वर कोण आणणार?" त्या हसल्या. "टोपली सोडते खिडकीतून. पाव, भाजी, औषध सगळं वर येतं. माझं तेवढं टोपलीत मावत नाही."

"अध्यक्षांना सांगितलंत?"

"फोन येतो ना त्यांचा. म्हणतात, मावशी, मनानं हरलात. रोज एकेक मजला वाढवा. मी म्हटलं, मनाचं काही नाही हो, डावीकडचं फुप्फुस नाहीये. तर म्हणतात, उजव्यावर विश्वास ठेवा."

त्या मशीनवर मास्क शिवत होत्या. दारामागे दोरीवर अध्यक्षांची करड्या रंगाची पँट लटकत होती, तिला टाचण्या लावलेल्या.

दोन खेपांनंतर जे पाहिलं ते मी अजून विसरलेलो नाही. सकाळचे अकरा वाजले असतील. मावशींची दवाखान्यातली तपासणी होती, ती चुकवून चालण्यासारखी नव्हती, म्हणून त्या उतरल्या होत्या आणि आता परत चढत होत्या. मी पोहोचलो तेव्हा तिसऱ्या मजल्यावर पायरीवर बसलेल्या. मास्क घामानं चेहऱ्याला चिकटलेला, ओठांचा रंग गेलेला, एक हात कठड्यावर आणि दुसरा छातीवर. आणि दारं किलकिली करून लोक टाळ्या वाजवत होते. हो, टाळ्या. "शाब्बास मावशी!" "कमाल आहे हं तुमची!" एक बाई मोबाईलवर चित्रण करत होत्या. एवढ्या दारांमागे एवढ्या खुर्च्या, पण एकानंही एक बाहेर सरकवली नाही.

खालून अध्यक्षांचा आवाज आला, "मावशी, फक्त चार मजले राहिले! फुप्फुसं उघडतायत, बरं का! जाणवतंय ना?"

माझ्या खिशात चावी होती. मी दोन मजले खाली जाऊन त्यांना म्हटलं, "साहेब, नाहीतरी मला आत्ता लिफ्ट फिरवून बघायचीच आहे. मावशींना तेवढं वर..."

"मिस्त्री," त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं केलं आणि साथ आठवून मागे घेतला. "तुमचं काम यंत्राचं. माणसांचं मी बघतो. इतक्या कष्टानं त्यांनी आत्मविश्वास मिळवलाय, तो मोडू नका."

माझी वाचा बसली म्हणावं तर तसंही नाही. बोलता आलं असतं. मी बोललो नाही. पिशवी उचलली आणि चढायला लागलो. तिसऱ्या मजल्यावर मावशींनी मला वाट करून द्यायला अंग चोरलं.

"जा बाबा," त्या कशाबशा म्हणाल्या, "तुला घाई असेल."

घाई कसली डोंबलाची. वर जाऊन मी अर्धा तास मशीनला तेल घालत बसलो, आणि त्यानंतर कितीतरी वेळानं त्यांच्या दाराचं कुलूप वाजलं. तक्त्यात त्यांच्या शून्याचे सात झाले. वॉचमन फोनवर सांगत होता, पुढचे चार दिवस शिलाई मशीनचा आवाज आला नाही. दवाखान्यानं पंधरा दिवसांनी परत बोलावलं होतं, त्या गेल्या नाहीत. सात पुन्हा खोडून शून्य झालं, कारण नियमाप्रमाणे आठवडाभर खंड पडला तर आधीचं धरायचं नाही.

त्यानंतरच्या फेरीत मशीन रूममध्ये पॅनेलचं झाकण उघडलं. आत एक छोटा आकडा असतो, लिफ्ट किती वेळा हलली ते दाखवणारा. लिफ्ट बंद केली तेव्हा तो मी झाकणाच्या आतल्या कार्डावर टिपला होता, नंतर बघितलाच नव्हता. माझ्या तपासणीच्या दहाएक फेऱ्या धरल्या तर तिथं दहा वाढायला हव्यात. वाढल्या होत्या एकशे साठ.

आधी वाटलं आकडाच बिघडला. मग खाली उतरताना प्रत्येक मजल्यावर दाराच्या खाचेत बोट घातलं. महिनोन्महिने न उघडलेल्या दाराच्या खाचेत धूळ दाटून बसते. सातव्यावर धूळ. सहाव्यावर धूळ. पाचव्यावर खाच आरशासारखी लखलखीत. चौथ्यावर, तिसऱ्यावर, दुसऱ्यावर, पहिल्यावर बोटाला राखाडी थर. आणि तळमजल्यावर पुन्हा लखलखीत.

पाचवा आणि तळमजला. पहाटे सगळ्यांच्या आधी खाली, आणि दुपारी दोन वाजता, अख्खी इमारत त्यांच्याच हुकमानं दारं लावून इम्युनिटी वाढवत पडलेली असताना, वर. वॉचमनलाही त्याच वेळी जेवायला पाठवलेलं. माणसानं लबाडी करावी तर इतकी वेळच्या वेळी.

मी उलट पावली सातव्यावर गेलो आणि मावशींना सगळं सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, हसू मात्र इतकं आलं की खोकल्याची उबळ येऊन डोळ्यांत पाणी आलं.

"मला शंका होतीच," त्या म्हणाल्या. "अडीच महिन्यांत त्यांच्या पाच पँटी कंबरेत सैल करून दिल्यात मी. एवढे जिने चढणाऱ्या माणसाची कंबर वाढते कशी? म्हटलं, ताऱ्यांचं वजन असेल."

मी तिथून सरळ पाचव्या मजल्यावर गेलो. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. अध्यक्ष आत आरामखुर्चीत बसलेले, पुढ्यात पेपर आणि पेपराखाली बिस्किटांची बशी.

"साहेब, लिफ्ट कोण वापरतंय?" मी उंबऱ्यातूनच विचारलं.

त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं. "हिचे गुडघे... म्हणजे, अधूनमधून."

"माझे गुडघे ठणठणीत आहेत," बायको म्हणाली. "माझ्या नावावर खपवू नका."

मग बाईच बोलल्या, माझ्याकडे बघत, पण त्यांना ऐकू जाईल अशा. तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या छातीत दोन स्टेंट बसवलेत. एका दमात एका मजल्याच्या वर चढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. इमारतीत कोणाला माहीत नाही. "मी सांगून थकले. लिफ्ट चालू करा, निदान खोटं तरी बोलावं लागणार नाही. तर म्हणे, लोकांसमोर आदर्श हवा."

मला वाटलं होतं, मी त्यांना पकडलं की मजा येईल. तशी ती आली नाही. मनात आलं, या माणसाला जिना म्हणजे काय ते पुरतं ठाऊक होतं. छातीत घण पडायला लागले की पुढची पायरी डोंगराएवढी होते, हे त्या अठ्ठावीस घरांत फक्त दोघांना माहीत होतं. त्यातल्या एकानं दुसरीला खालून ओरडून सांगितलं होतं, फुप्फुसं उघडतायत म्हणून.

"मिस्त्री," अध्यक्षांचा आवाज खाली आलेला. "हे बाहेर जाऊ देऊ नका. लोकांचं मनोधैर्य टिकायला हवं. आणि मावशींचं म्हणाल तर त्यांनाही एक चावी करून द्या. दुपारी दोन ते चार त्यांनीही वापरावी. गुपचूप."

"चोरासारखी?"

"सोयीनं म्हणा."

मी चावी करवून दुसऱ्या दिवशी मावशींना नेऊन दिली आणि निरोपही जसाच्या तसा सांगितला. माझा सल्ला होता, तक्त्याशेजारी खाचांचे फोटोच लावू या. मावशींनी चावी हातात घेऊन उलटसुलट केली. मग मला विचारलं, "उद्या सकाळी सातला येशील? तुझी नेहमीची पिशवी घेऊन ये. दारं नीट लागतायत का बघायला."

मी पावणेसातलाच हजर झालो. तळमजल्यावर वीसेक मंडळी जमलेली, पायांत नवे बूट, मनगटावर पावलं मोजणारी घड्याळं. अध्यक्ष शिट्टी तोंडात धरून उभे. मावशींच्या सांगण्यावरून मी स्विचमध्ये चावी फिरवली. दारावरचा आकडा पेटला: सात. मग सहा. पाच. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. चार, तीन. अध्यक्षांच्या तोंडातून शिट्टी निसटली आणि गळ्यात लोंबत राहिली.

दार उघडलं आणि मावशी बाहेर आल्या. इस्त्रीचे कपडे, चापूनचोपून बसवलेले केस, काखेत घडीचं स्टूल.

"लिफ्ट चालू झाली?" एकानं विचारलं.

"ज्याला लागते त्याच्यासाठी चालू आहे," मावशी म्हणाल्या. "अध्यक्षांनीच चावी दिली मला. हो ना हो?"

अध्यक्षांनी गळ्यातली शिट्टी चाचपली. "म्हणजे... गरजूंसाठी... हो."

"मला तर वाटलंच होतं, देतील म्हणून," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "जिन्याचं दुःख त्यांच्याइतकं या इमारतीत कोणाला कळणार?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. यांना टाळ्यांची एवढी खोड, की कशाला वाजवतोय तेही बघत नाहीत. मावशी गेटाशी जाऊन कोवळ्या उन्हात स्टुलावर बसल्या. मास्क जरा नीट केला, डोळे मिटले आणि तासभर हलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून इमारतीत गरजूंची रीघ लागली. काल ज्यांच्या नावापुढे तीन-तीन तारे होते त्यांची एकाएकी कंबर धरली, टाच दुखायला लागली, एकाला लहानपणापासून चक्कर येत होती म्हणे. जी बाई चित्रण करत होती तिला तर जिन्यानं मानसिक ताण येतो, आणि ताणानं इम्युनिटी कमी होते, असं कुठंतरी वाचायला मिळालं. आठवड्याभरात तक्त्यासमोर कुत्रं फिरकेना. एका वेळी एक माणूस, पंखा चालू, बटणं पुसायला वॉचमन. पहिल्या दिवशी मी जे सांगितलं होतं तेच, फक्त आता खाली अध्यक्षांची सही. नोटीस अशी होती: "ज्येष्ठांप्रती असलेल्या संवेदनशीलतेतून अध्यक्षांनी हा निर्णय घेतला आहे."

साथ त्या इमारतीतही आलीच. सकाळी जिन्यात खेटून चढताना, नाकाखाली मास्क ओढून धापा टाकताना ती एकाकडून दुसऱ्याकडे गेली, असं दवाखान्यातल्या लोकांनी सांगितलं. नऊ जण पडले, सगळे उठले. अध्यक्षांना साधी सर्दीही झाली नाही, आणि त्याचं श्रेय त्यांनी तक्त्यातल्या आपल्या मजल्यांना दिलं.

मावशींना मी स्वतः दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण बोलायला नीट. तपासण्या चुकल्या, त्या काळात उजव्या बाजूलाही पाणी झालं होतं, थोडं नुकसान झालंय आणि ते भरून येणार नाही, असं तिनं सरळ सांगितलं. मग म्हणाली, रोज थोडं ऊन घ्या, सपाट रस्त्यावर चाला, फळं खा, झोप पुरी घ्या. मावशी मान डोलवत होत्या. यातली एकही गोष्ट वाईट नव्हती. पण ऊन आणि सपाट रस्ता दोन्ही खाली होते, आणि तीन महिने मावशी वर.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मावशी, मी त्या दिवशी चावी फिरवायला हवी होती."

"हवी होती," त्या म्हणाल्या.

"चालायचंच," "जाऊ दे रे," असं काहीतरी त्या म्हणतील असं मला वाटलं होतं. रस्ता ओलांडताना त्यांनी माझा हात मात्र धरला.

वर्षाच्या सभेत अध्यक्ष पुन्हा बिनविरोध निवडून आले. माझी बायको म्हणाली, सोडून दे ती इमारत, तोंड बघवत नाही ना त्या माणसाचं? मी सोडली नाही. मी सोडली तर दुसरा मिस्त्री येईल, आणि उद्या पुन्हा कोणाला आरोग्याचा झटका आला की तोही माझ्यासारखाच मुकाट चावी फिरवील. गेल्या महिन्यात अध्यक्षांनी मला ऑफिसात बोलावून विचारलं, विजेची बचत म्हणून रविवारी लिफ्ट बंद ठेवली तर कसं?

"नाही जमायचं," मी म्हटलं.

"का?"

"नाही जमायचं, साहेब," मी पुन्हा म्हटलं, आणि पिशवी उचलून लिफ्टनं वर गेलो.